नांदेड मोठं की लातूर? एकदा आकडे काढून बोलू

नांदेड पुढं की लातूर पुढं, हा वाद आमच्या भागात चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत चालतो. दोन्हीकडच्या माणसाला आपलं गाव पुढं वाटतं आणि शेजाऱ्यानं आपलं काहीतरी पळवलं असंही वाटतं. २००९ ला नांदेडला नवीन महसूल आयुक्तालय करायचा निर्णय झाला तेव्हा लातूर पेटलं होतं. मोर्चे झाले, बंद झाले, कोर्टकचेरी झाली. इतकी वर्षं उलटली, नांदेडचा माणूस आणि लातूरचा माणूस आयुक्तालयाच्या कामाला अजूनही छत्रपती संभाजीनगरलाच जातोय. भांडण दोघांचं, खेटेही दोघांनाच.

मी अहमदपूरचा. जिल्हा लातूर, पण एसटीत बसलो की नांदेड आणि लातूर दोन्हीकडं जायला जवळपास सारखाच वेळ लागतो. पत्रकारितेची पदविका नांदेडला केली, बातमीदारी लातूर जिल्ह्यात करतो, सासरवाडी कंधार तालुक्यात. त्यामुळं या विषयावर दोन्हीकडून बोलणी खायची मला सवय आहे. आज पुन्हा खातो.

निमित्त असं, की जिल्ह्यांच्या दरडोई उत्पन्नाचा एक तक्ता व्हॉट्सअॅपवर फिरतोय. त्याच्यावरून गावागावातल्या ग्रुपात हमरीतुमरी चाललीय. "बघा, आम्ही तुमच्या वर." "तुमच्याकडं गोदावरी असून तुम्ही खाली." मला वाटलं, तक्ता हातात घेऊन भांडण्यापेक्षा तो काय सांगतो आणि काय सांगत नाही ते तरी बघू. शासनाचा अर्थ व सांख्यिकी विभाग प्रत्येक जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन' काढतो. कंटाळवाणं पुस्तक आहे. पण पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा खरं बोलतं. जनगणनेचे आकडे आहेत, मानव विकास अहवाल आहे. हे सगळं समोर ठेवून लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन वाचा.

आधी माणसं.

२०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार, लातूरची २४ लाख ५४ हजार. नांदेडचे तालुके १६, लातूरचे १०. नांदेडचं क्षेत्रफळ साडेदहा हजार चौरस किलोमीटर, लातूरचं सात हजारांच्या थोडं वर. म्हणजे नांदेड आकाराने जवळपास दीडपट, पण लातूरात वस्ती जास्त दाट. २००१ ते २०११ या दहा वर्षांत नांदेड सुमारे १७ टक्क्यांनी वाढलं, लातूर १८ टक्क्यांनी. राज्य १६ टक्क्यांनी. माणसं वाढण्यात आपण दोघंही राज्याच्या पुढं आहोत. बाकीच्या बाबतीत बघू.

साक्षरता. लातूर ७७ टक्के, नांदेड ७५ टक्के. राज्य ८२ टक्के.

हा आकडा जरा थांबून वाचा. 'लातूर पॅटर्न' म्हणून अख्खा महाराष्ट्र ज्याचं नाव घेतो, जिथं नीटच्या तयारीला राज्यभरातून पोरं येतात, त्या जिल्ह्याची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा पाच टक्क्यांनी कमी होती. आणि ज्या नांदेडात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून उभं आहे तिथं सात टक्क्यांनी कमी. यात विद्यापीठाचा दोष नाही, पॅटर्नचाही नाही. शहरात कॉलेज चांगलं असलं म्हणून जळकोटच्या तांड्यावरची बाई साक्षर होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुलींचं बघा. दर हजार पुरुषांमागं नांदेडात ९४३ बायका, लातूरात ९२८. इथं नांदेड बरं. पण हा आकडा कुणी ग्रुपवर टाकत नाही.

२०१२ ला राज्याचा मानव विकास अहवाल आला. उत्पन्न, शिक्षण, आरोग्य मिळून एक निर्देशांक काढतात. लातूर ०.६६३. नांदेड ०.६५७. राज्य ०.७५२. आमच्या दोघांतला फरक तिसऱ्या दशांशावर येऊन संपतो, आणि राज्याशी असलेला फरक त्याच्या पंधरापट आहे. शाळेत ३५ गुणांवर पास होणारी दोन पोरं "तुला ३६ अन् मला ३७" म्हणून मारामारी करत असतील, आणि वर्गाची सरासरी ७५ असेल, तर गुरुजी काय म्हणतील? तेच आपलं चाललंय.

आणि हे काही नेत्यांअभावी झालेलं नाही. या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. लोकसभेचे अध्यक्ष आणि देशाचे गृहमंत्री झालेले शिवराज पाटील चाकूरकर वेगळेच. शंकररावही केंद्रात गृहमंत्री होते. एवढी मोठी माणसं एवढ्या छोट्या टापूत विदर्भ-मराठवाड्यात क्वचितच कुठं झाली असतील. तरी आकडे हे असे.

आता उत्पन्नाचा तक्ता.

राज्याचं दरडोई उत्पन्न २०२३-२४ मध्ये २ लाख ७८ हजार रुपयांच्या पुढं गेलं. नांदेड आणि लातूर दोन्ही या सरासरीच्या बरेच खाली आहेत. कारण साधं आहे. राज्याच्या एकूण उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, नाशिक अशा मोजक्या जिल्ह्यांतून येतो. उरलेल्या ढिगात आपण एकमेकांना कोपरं मारतोय.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा आकडा तयार कसा होतो. जिल्ह्याचं उत्पन्न म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीत जे काही पिकलं, बनलं, ज्या सेवा दिल्या, त्याची किंमत. शेतीसारख्या गोष्टींचे आकडे जिल्ह्यातून घेतात. पण बऱ्याच क्षेत्रांचे आकडे राज्याचे असतात आणि ते कामगारांची संख्या वगैरे निकष लावून जिल्ह्यांना वाटून देतात. मग आलेल्या रकमेला लोकसंख्येने भागायचं. ती लोकसंख्याही २०११ वरून अंदाजाने वाढवलेली. म्हणजे वरचा आकडा निम्मा वाटलेला, खालचा आकडा अंदाजाचा. तरी उपयोगाचा आहे, मी त्याला फेकून द्या म्हणत नाही. पण त्याच्यावरून सख्ख्या साडूशी बोलणं बंद करण्याइतका तो पक्का नाही.

माझा भाचा चाकणला एका कंपनीत आहे. त्याचा पगार पुणे जिल्ह्याच्या उत्पन्नात धरला जातो. तो दर महिन्याला घरी जे पाठवतो, ज्याच्यावर बहिणीचं घर चालतं, ते लातूरच्या तक्त्यात कुठंच नाही. आणि उलटंही आहे. आपल्या जिल्ह्यात कमावलेला नफा बाहेरचा मालक घेऊन गेला तरी उत्पन्न आपल्याच नावावर दिसतं. तक्त्याला फक्त हद्द कळते. पैसा शेवटी कुणाच्या घरी गेला ते त्याला कळत नाही.

आता सरासरीचं. पारावर दहा माणसं बसलीत. नऊ जण महिन्याला दहा-दहा हजार कमावतात. तेवढ्यात महिन्याला पाच लाख कमावणारा एक गुत्तेदार येऊन बसला. पाराची सरासरी एकदम ५९ हजार. त्या नऊ जणांच्या खिशात काय वाढलं? काही नाही. अमेरिकेत जिल्ह्यासारखी काऊंटी असते. तिथली जनगणना कचेरी प्रत्येक काऊंटीचं घरटी मध्यम उत्पन्न दरवर्षी जाहीर करते. मध्यम म्हणजे सगळी घरं कमाईप्रमाणे रांगेत उभी केली तर बरोबर मधल्या घराची कमाई. गुत्तेदार आला तरी हा आकडा हलत नाही. एवढंच नाही, राहायला या काऊंटीत आणि कामाला शेजारच्या काऊंटीत, अशी माणसं किती तेही तिथं कुणालाही बघता येतं. म्हणून तिथल्या छोट्या गावचा बातमीदारही शेजारच्या काऊंटीशी तुलना करून विचारू शकतो, की आमची माणसं तिकडं का जातात? आपल्याकडं जिल्ह्याच्या पातळीवर दरवर्षी असं काही मिळत नाही. आपल्याला सरासरी मिळते, आणि आपण त्या सरासरीवर झेंडे नाचवतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते.

मुखेड तालुक्यात माझ्या ओळखीचं एक शेतकरी कुटुंब आहे. जिल्हा नांदेड. चार एकर रान, कोरडवाहू, सोयाबीन आणि थोडी तूर. पोरगं हुशार निघालं म्हणून दोन वर्षं लातूरला ठेवलं. ट्युशन, खोली, मेस. पहिल्या वर्षी बैलजोडी गेली, दुसऱ्या वर्षी सोसायटीचं सोडून बाहेरचं कर्ज झालं. मधेच म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, त्याला घेऊन नांदेडला डॉक्टर लेनमध्ये. मी भेटलो तेव्हा तो मला म्हणाला, "भाऊ, सोयाबीन इथं पिकूलालंय, अन् पैसा निम्मा लातूरला अन् निम्मा नांदेडला जाऊलालाय. आमच्याकडं काय राहूलालंय ते तुम्हीच सांगा."

मी घरी येऊन हिशोब मांडला. त्याने ट्युशनला जे भरलं ते लातूर जिल्ह्याचं उत्पन्न झालं. दवाखान्यात जे भरलं ते नांदेड जिल्ह्याचं उत्पन्न झालं. दोन्ही जिल्ह्यांचा दरडोई आकडा त्याच्या पैशाने वर सरकला. त्याच्यावर झालेलं कर्ज मात्र कुठल्याच रकान्यात नाही.

हे एकट्याचं नाही. जळकोट, उदगीर, अहमदपूरची माणसं आजारपणाला नांदेड गाठतात. नायगाव, देगलूर, कंधारची पोरं शिकायला लातूर गाठतात. लातूरात उद्योग भवन म्हणून भाग आहे. नाव उद्योगाचं, पण आज अख्खं लातूर त्याला ट्युशन एरिया म्हणून ओळखतं. नांदेडात सूतगिरण्या होत्या, उस्मानशाही मिल होती, भोंगा वाजला की शहर घड्याळ लावायचं म्हणतात. ते भोंगे बंद झाले आणि दवाखान्यांच्या पाट्या वाढल्या. मी ट्युशनवाल्यांच्या किंवा डॉक्टरांच्या विरोधात नाही. चांगले शिक्षक आहेत, चांगले डॉक्टर आहेत, त्यांच्यामुळं पुण्या-हैदराबादची वारी वाचते. पण ज्या शहराची मोठी कमाई आसपासच्या खेड्यांच्या फीवर आणि आजारपणावर उभी आहे, ते शहर वाढलं म्हणजे जिल्हा वाढला असं म्हणता येत नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलं, एवढंच झालं.

२०११ ला नांदेड शहर साडेपाच लाखांचं होतं, लातूर शहर पावणेचार लाखांच्या वर. दोन्ही जिल्ह्यांत हिशोब जवळपास सारखाच येतो: सहापैकी एक माणूस जिल्ह्याच्या शहरात, पाच बाहेर. आपली सगळी तुलना त्या एकाची चालते. विमानतळ कुणाचा, रेल्वे कुणाची, मॉल कुणाकडं. उरलेल्या पाच जणांची तुलना कुणी करायची?

ती करायची तर तालुक्याला उतरावं लागतं. नांदेड जिल्ह्यातलंच बघा. अर्धापूरला इसापूर धरणाचं पाणी, केळीच्या बागा. तिथून किनवट-माहूरला जा. शंभर किलोमीटरच्या पुढं, डोंगर, जंगल, गोंड, कोलाम, आंध वस्त्या. नांदेड जिल्ह्यात आदिवासी ८ टक्क्यांच्या वर आहेत, लातूरात अडीच टक्क्यांच्या आत, आणि नांदेडातले मोठ्या संख्येने याच पट्ट्यात. किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. आजही किनवटच्या माणसाला नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ पडतं. अर्धापूर आणि किनवटची सरासरी काढून जो 'नांदेड' तयार होतो, तो माणूस जिल्ह्यात कुठंच राहत नाही.

धर्माबादचं अजून वेगळं. मिरचीचा बाजार मोठा, पण माणसाची नजर तेलंगणाकडं. गोदावरीवर बाभळी बंधारा बांधला. २०१३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्याप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. म्हणजे पाऊस असतो तेव्हा पाणी पुढं जातं. २०१८ ला तेलंगणाने शेतकऱ्याला एकरी चार हजार रुपये हंगामाला द्यायला सुरुवात केली, तेव्हा या पट्ट्यातल्या काही गावांनी आम्हाला तिकडं घाला म्हणून मागणी केली. मुंबईत त्याच्यावर टीका झाली. पण ती माणसं करत काय होती? शेजाऱ्याशी तुलनाच करत होती. फरक एवढाच, की त्यांनी झेंड्याची तुलना न करता सातबाऱ्याची केली.

लातूरकडं या. एका बाजूला लातूर आणि रेणापूर तालुका, मांजरा काठ, ऊस, साखर कारखाने. डाळ मिल आणि तेल मिलमुळं तुरीचा आणि सोयाबीनचा भाव लातूरच्या बाजारात काय निघाला हे राज्यभरातले आडते बघतात. दुसऱ्या बाजूला जळकोट, देवणी, शिरूर अनंतपाळ. आणि औसा-निलंग्याकडं १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटेची किल्लारी. सुमारे दहा हजार माणसं त्या भूकंपात गेली. गावं नव्या जागी उभी राहिली, पण उभं राहण्यात एका पिढीची कमाई गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराला पाजावं लागलं. त्या उन्हाळ्यातही लातूर जिल्ह्यात ऊस उभा होता. हेही तुलनेत घ्यायला पाहिजे, की पाणी कोणाला मिळतं.

तरी एक गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे. सोयाबीन. खरिपात गाडीने अहमदपूर-लोहा-नांदेड जा नाहीतर अहमदपूर-चाकूर-लातूर जा, दोन्ही बाजूला तेच हिरवं रान. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात सोयाबीन चार-सव्वाचार हजाराने जात होतं. क्विंटलमागं सहा-आठशेचा तोटा. हा तोटा नांदेडच्या शेतकऱ्याला वेगळा आणि लातूरच्या शेतकऱ्याला वेगळा नव्हता. त्या भावासाठी दोन्ही जिल्ह्यांचा मिळून एक मोर्चा निघाल्याचं मी बातमीदार म्हणून पाहिलं नाही. आयुक्तालयासाठी मात्र दोन्हीकडून निघाले.

मग तुलना करूच नये का? करावी. जरूर करावी. पण कामाला येईल अशी.

नांदेडने लातूरकडून विचारावं, की पिकलेल्या मालाची डाळ आणि तेल जिल्ह्यातच करायची साखळी तुमच्याकडं कशी बसली? कृष्णूरला पंचतारांकित एमआयडीसीचा बोर्ड लागून किती वर्षं झाली, तिथं अजून तेवढं का उभं राहिलं नाही? लातूरने नांदेडकडून विचारावं, की सचखंड गुरुद्वारात देशभरातून येणारा भाविक जो पैसा आणतो तो बाहेरचा पैसा असतो, खेड्याच्या खिशातला नसतो, तशी बाहेरून येणारी कमाई आमच्याकडं कोणती? हरंगुळच्या रेल्वे डबे कारखान्याचं भूमिपूजन २०१८ ला झालं. त्यात आसपासच्या तालुक्यातली किती पोरं कायम नोकरीत लागणार, हा प्रश्न लातूरच्या आमदारांना विचारायचा की नांदेडला शिव्या द्यायच्या?

आणि दोघांनी मिळून मागायच्या गोष्टी आहेत. नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचं तर परभणी-परळीचा वळसा. लोहा-अहमदपूरमार्गे सरळ लाईनची मागणी माझ्या लहानपणापासून ऐकतोय. ही लाईन ना फक्त नांदेडची ना फक्त लातूरची, म्हणून तिला बापच नाही. देवणी आणि लाल कंधारी, गाईच्या दोन नामी जाती, एक लातूरची एक नांदेडची, दोन्ही कमी होत चालल्यात. त्यांच्यासाठी एकत्र काही करायला कोण अडवतंय?

शेवटचा मुद्दा. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा, आणि वेळ थोडा आहे.

वर मी दिलेले बहुतेक आकडे २०११ चे आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची आता २०२७ ला होतेय, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. म्हणजे प्रत्यक्ष माणसं मोजायचं काम फेब्रुवारीत. २०११ लाही ते ९ ते २८ फेब्रुवारीलाच झालं होतं.

फेब्रुवारीत मुखेड, कंधार, लोहा, जळकोटच्या तांड्यावर कोण असतं? म्हातारी माणसं आणि कुलूप. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन गेलेली टोळी तेव्हा सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असते, कोपी करून. २०११ चा नियम असा होता, की मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो माणूस गावाबाहेर असेल त्याची नोंद गावात करायची नाही, तो जिथं असेल तिथं करायची. कागदावर नियम बरोबर आहे. पण फडातल्या कोपीपर्यंत मोजणारा पोचला नाही, तर ते कुटुंब इथंही नाही आणि तिथंही नाही. आणि पोचला तर ते सांगलीचं झालं, त्याचा तांडा तेवढ्या माणसांनी छोटा झाला.

याने काय बिघडतं? रेशनच्या दुकानात जाऊन विचारा. अन्नसुरक्षेचा इष्टांक अजून २०११ च्या लोकसंख्येवर आहे. नवीन सून आली, लेकरू झालं, नाव घालायला गेलं की "इष्टांक शिल्लक नाही" असं उत्तर मिळतं. माझ्याकडं अशी तक्रार घेऊन महिन्याला दोन-चार माणसं येतात. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा मुख्यतः लोकसंख्येवर मिळतो. आरोग्य उपकेंद्र लोकसंख्येवर मंजूर होतं. म्हणजे जो गरीब आहे म्हणून गाव सोडून गेला, तोच मोजणीतून सुटला, आणि तो सुटला म्हणून त्याच्या गावाला पुढची दहा-पंधरा वर्षं कमी मिळालं. मग ते गाव अजून गरीब, आणि पुढच्या वर्षी अजून दोन टोळ्या. नांदेड मोठं की लातूर याचा निकाल काहीही लागो, हा तोटा दोन्हीकडं सारखा होणार आहे.

म्हणून माझी विनंती दोन्ही जिल्ह्यांतल्या सरपंचांना, ग्रामसेवकांना, तरुण पोरांना. टोळ्या निघायच्या आधी एक ग्रामसभा याच विषयावर घ्या. कोणतं कुटुंब, किती माणसं, कोणत्या कारखान्याला, मुकादमाचा फोन नंबर, अशी यादी करून ग्रामपंचायतीत ठेवा आणि एक प्रत तहसीलदारांना द्या. मुकादमाला सांगा, फडात मोजणारा आला नाही तर तिथल्या तहसीलला फोन कर. प्रत्येक कुटुंबाला सांगून पाठवा, की फेब्रुवारीत तुम्हाला कुणी मोजलं का ते आम्हाला कळवा. वही आणि पेन, एवढाच खर्च.

मी अहमदपूर आणि जळकोट तालुक्यात अशा याद्या करायला जो बोलवेल तिथं येणार आहे. कंधार-मुखेडला सासरवाडीच्या निमित्ताने येणं होतंच, तिथंही सांगा. जेवणाची व्यवस्था करू नका, डबा माझा मी आणतो.